मोतीशेठच्या गोडाऊनमधल्या सौभाग्यवती

सौ. शकुंतला उलट्या पडल्या होत्या. सौ. इंदूच्या पोटात सौ. सरला बसल्या होत्या. कोपऱ्यात सौ. कलावती एकट्याच चमकत होत्या, आणि मोतीशेठ कमरेवर हात ठेवून या सगळ्यांकडे बघत होते.

"मॅडम," ते मला म्हणाले, "या एवढ्या बायांना मी आता कुठे विकू?"

घाबरू नका. हे जळगावातल्या एका भांड्यांच्या दुकानाचं गोडाऊन होतं, आणि या बाया म्हणजे स्टीलचे डबे, पातेली आणि कळशा होत्या. प्रत्येकीवर नाव कोरलेलं. प्रत्येक बाई पोस्टाच्या पार्सलातून खानदेशभर फिरून, दारातून नकार घेऊन परत आलेली. आणि त्या सगळ्यांना गावोगाव पाठवणारी 'ऑर्डर सेक्शन इन्चार्ज' म्हणजे मी. सेक्शनमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि एक इन्चार्ज. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःवरच रुबाब करायचे.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. तेव्हा मोबाइल नव्हता, पण घरबसल्या स्वस्तात खरेदी करायची हौस आजच्याइतकीच होती. मोतीशेठ घाऊक व्यापारी. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठ घरी मारवाडी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि हिशेब चुकला की हिंदी. त्यांच्या डोक्यात आलं की जळगावचा डबा चोपड्याच्या किंवा दोंडाईच्याच्या दुकानात गेला की महाग होतो. मधल्या दुकानदाराचा नफा त्यावर चढतो. मग मधला दुकानदारच काढून टाकला तर? चार पानी कॅटलॉग छापायचा, गावोगाव वाटायचा, बाईनं पोस्टकार्ड टाकायचं आणि डबा थेट तिच्या दारात जायचा. बाजारापेक्षा कमी भाव, एस.टी.चं भाडं नाही, दिवस मोडायला नको.

पैसे कसे यायचे? व्ही.पी.ने. व्ही.पी. म्हणजे पोस्टमन पार्सल घेऊन दारात उभा राहतो, आधी पैसे घेतो, मग पार्सल हातात देतो. पैसे मिळाल्याशिवाय दोरीसुद्धा सोडू देत नाही. ते पैसे पोस्ट आम्हाला पाठवतं. पण घरच्यांनी "नको" म्हटलं, तर पार्सल आमच्याकडे परत, आणि पाठवणावळ आमच्या अंगावर.

वर शेठनी एक आमिष ठेवलं होतं. कॅटलॉगच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं, 'भांड्यावर नाव मोफत'. दुकानात दगडूभाऊ नावाचे कारागीर होते, सुईच्या मशीननं घर्र घर्र करत नाव कोरायचे. नाव लहान असलं आणि मूड चांगला असला, तर शेजारी मोरही काढून द्यायचे. पण नाव कोरलेलं भांडं दुसऱ्याला विकता येत नाही. आपल्या स्वयंपाकघरात परक्या सौभाग्यवतीला कोण जागा देणार?

सुरुवातीला सगळं झकास चाललं. झारे, चिमटे, किसण्या, पळ्या धडाधड खपल्या. शेठ मला 'कुसुमताई' म्हणू लागले. मग आखाजी जवळ आली आणि मोठ्या भांड्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या लेकी तेव्हा माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. लेकीला आखाजीला एखादं भांडं द्यावं आणि तेही तिचं नाव घातलेलं, ही कल्पना आयांना फार आवडली. डबे गेले, कळशा गेल्या, पातेली गेली.

आणि परत यायला लागली.

म्हणून त्या दिवशी मी पुन्हा 'मॅडम' झाले होते.

"भाव जास्त पडतो का?" शेठनी विचारलं.

"दोंडाईच्यातल्या भावापेक्षा कमी आहे. मी माणूस पाठवून विचारून आणलंय."

"मग माल खराब?"

"तुमचाच माल आहे, शेठजी."

"म्हणजे चांगला आहे." हे त्यांनी अगदी गंभीरपणे म्हटलं. "मग पोचे पडतात का?"

पोचे थोडे पडत होते. कारण शेठ आतमध्ये काही भरू देत नव्हते. पेंढा नाही, कागद नाही. पोस्ट वजनावर पैसे घेतं, म्हणून गोडाऊनमध्ये त्यांनी तराजू ठेवला होता. प्रत्येक पार्सल स्वतः तोलायचे, सुतळीचं जास्तीचं टोक दातानं तोडायचे आणि पुन्हा तोलायचे. एकदा त्यांनी मला पत्त्याची चिठ्ठी लहान कापायला सांगितली होती.

पण पोच्यासाठी परत करायला आधी पार्सल उघडावं लागतं, आणि ही पार्सलं सीलबंदच परत येत होती.

मी गिऱ्हाइकांना पत्रं लिहिली. उत्तरं आली ती आणखी कोड्यात टाकणारी. 'आपला माल चांगला आहे. राग मानू नये. परंतु घेता येत नाही.' दुसरीचं उत्तर, 'आपण चांगल्या घरच्या दिसता. जास्त काय लिहावे.' आता यावर काय करायचं! एखादीनं चांगली शिवी दिली असती, तर निदान कारण तरी कळलं असतं.

"आखाजीपर्यंत बघतो," शेठ म्हणाले. "नंतर सेक्शन बंद."

"आणि मी?"

शेठनी छताकडे बघितलं. काउंटरवर ते बाई ठेवत नसत आणि हिशेबाला त्यांचा पुतण्या होता. छताकडे बघून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही हुशार आहात. तुम्हाला कुठेही मिळेल."

नोकरी जाताना माणसाची अशी स्तुती होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरी वडील रिटायर झालेले, धाकटी बहीण कॉलेजात. आणि खरं सांगायचं तर मला ते टेबल आवडत होतं. पोस्टकार्डावरच्या त्या बायका आवडत होत्या. एकीनं लिहिलं होतं, 'डबा असा पाठवा की जाऊबाईने विचारावे कुठून आणला.' अशी ऑर्डर सोडून मी कुठे जाणार?

"शेठजी, मला दोंडाईच्याकडे पाठवा," मी म्हटलं. "तिथल्या एका गावातून सगळीच्या सगळी पार्सलं परत आलीत. वत्सलाक्का म्हणून आहेत, त्यांनीच आळीतल्या बायकांच्या ऑर्डरी गोळा केल्या होत्या. मी त्यांचाच डबा हातात घेऊन जाते. तोंडावर विचारते."

शेठनी पुष्कळ वेळ विचार केला. मग गल्ल्यातून भाडं काढलं. "पॅसेंजरनंच जा. आणि परतीचं तिकीट इथूनच काढा, नाही तर आखाजी करून याल."

तापी लाइनची पॅसेंजर गाठली. मांडीवर पार्सल. कापडात शिवलेलं, लाखेचं सील लावलेलं, अगदी जसं परत आलं होतं तसं. डब्यात समोर बसलेल्या बाईनं अमळनेरपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "आत काय आहे?"

"डबा."

"डब्यात काय आहे?"

"काही नाही."

तिनं "असं होय" म्हटलं आणि सरकून खिडकीशी बसली. मला वाटलं, वाऱ्यासाठी सरकली असेल.

दोंडाईच्याला उतरून एस.टी.नं गावात पोचले, तेव्हा वत्सलाक्का ओट्यावर मिरच्या वाळत घालत होत्या. उंच, काटक, शेतकरी घरातली बाई, आवाज असा की समोरच्या आळीतल्यांनी वळून बघावं. मी नाव सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं. त्यांना आनंदच झाला.

"पोस्टकार्डवाली पोर तू शे? अक्षर तुनंच का ते?" मग आत बघून हाक, "चहा ठेवा वं! जळगाववाली उनी!"

मला घरात नेलं, पाटावर बसवलं. चहा झाला. भाकरी आणि शेवभाजीचं ताट आलं. शेजारच्या बायकांनी दार भरलं. 'आपली पोस्टकार्डवाली' म्हणून एकीनं मला हात लावून बघितला. माझा एवढा मानपान आयुष्यात पुढे फक्त लग्नात झाला. पण माझ्या लक्षात आलं की मी आत आले आणि पार्सल बाहेरच राहिलं. ओट्याच्या कडेला, मिरच्यांच्या पलीकडे. मी उठून ते आणायला गेले, तर अक्का पटकन उंबऱ्यात आडव्या झाल्या.

"राहू दे, माय. तठेच राहू दे."

"अक्का, भांडं आवडलं नाही का?"

"नही वं. चांगलं शे."

"भाव जास्त वाटतो?"

"भाव? दोंडाईचाना दुकानवाला तर आम्हले लुटस. तुमना भाव चांगला."

"मग घेत का नाही?"

एकीनं पदर तोंडाला लावला. अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मी भर लग्नात नवरीला वय विचारलं होतं. मग त्या बाहेर गेल्या. पार्सल उचललं, कानाशी नेलं आणि हलवलं. आवाज नाही. माझ्या कानाशी आणून पुन्हा हलवलं.

"काय वाजस?"

"काहीच नाही."

"खाली शे," अक्का म्हणाल्या. खाली म्हणजे रिकामं. "लेकीले आखाजीले खाली भांडं देऊ? तुनी मायनी सांगं नही का तुले?"

सांगितलं होतं हो! माझ्या आईनंच काय, सगळ्यांच्या आयांनी सांगितलेलं असतं. शेजारणीची वाटी परत करताना रिकामी देऊ नये, निदान साखरेची चिमूट टाकावी. नवं भांडं घरात आणताना त्यात चार दाणे हवेत. मी ज्या दुकानात रोज सकाळी नऊला हजर व्हायचे, त्या दुकानातून आजवर एकही भांडं रिकामं बाहेर पडलं नव्हतं. पडलं ते फक्त माझ्या सेक्शनमधून.

तरी मी इन्चार्ज होते, म्हणून वाद घातला. "अक्का, पण पार्सल घेऊन ओट्यावर उघडायचं, घरातले चार दाणे टाकायचे आणि मग आत न्यायचं. त्यात काय?"

दारातल्या बायका हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

"मना घरना दाना टाकीसन मी तुनं भांडं भरू? मंग तू काय दिधं?"

दाणे देणाऱ्यानं टाकायचे असतात. तीच तर त्यातली गोष्ट.

"मग मला पत्रात का नाही लिहिलंत?"

"असं कागदवर लिखतस का कोनी?" मागून एक म्हातारी म्हणाली. "आखाजीना तोंडवर?"

आणि मला एकदम ते झारे आणि चिमटे आठवले. एकही परत आला नव्हता. चिमट्यात काय भरणार?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी शेठपुढे उभी राहिले. शेठ गादीवर बसले होते. समोर पारोळ्याचं एक गिऱ्हाईक, नवरा-बायको. बाई पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होती आणि शेठ भावावरून नवऱ्याशी भांडत होते.

"सांगा मॅडम, काय कळलं?"

"भांडी रिकामी जातात म्हणून परत येतात. प्रत्येकात मूठभर गहू हवेत."

"गहू?" शेठ ओरडले. "मूठभर गहू? वजन माहीत आहे गव्हाचं? पोस्टाला काय मी गहू खायला घालू? ही जुनी खुळं झाली, मॅडम! आजच्या जमान्यात धंदा असल्या..."

हे बोलता बोलता त्यांचा उजवा हात गादीशेजारच्या पितळी वाटीत गेला, चिमूटभर गहू उचलून आला आणि पारोळ्याच्या पातेल्यावर येऊन थांबला. कारण मी त्या हाताकडे बघत होते. मग गिऱ्हाईक बघायला लागलं. मशीन बंद करून दगडूभाऊही बघायला लागले.

शेठनी आपल्या हाताकडे बघितलं. तो हात कोणाचा आहे, असा चेहरा झाला.

"शेठजी, टाका ना," पारोळ्याची बाई काळजीनं म्हणाली. "नाही तर आम्ही नेणार नाही."

शेठनी दाणे टाकले. टण् टण् टण् वाजले. ते वाजणं मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं, आणि मला वाटतं, शेठनीही.

गिऱ्हाईक गेल्यावर शेठनी ती पितळी वाटी जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "कुसुमताई, हे मी रोज करतो?"

"दिवसभर."

"कमाल आहे." पण लगेच व्यापारी जागा झाला. "तरी वजनाचं काय? दुकानातून गिऱ्हाईक आपल्या हातानं नेतं. पोस्ट तोलून नेतं."

मी म्हटलं, चार दाण्यांचं कितीसं वजन होणार? ते म्हणाले, चार दाण्यांवर कोण समाधान मानणार, लेकीचं भांडं आहे, मूठ तर हवीच. म्हणजे खूळ म्हणणारा माणूस आता दाण्यांच्या प्रमाणावरून माझ्याशी भांडत होता. तांदूळ तोलले. जड. मूगडाळ तोलली. जड. शेठ अस्वस्थ होऊन रस्त्यावर बघत बसले. समोर फुटाणेवाल्याची भट्टी होती. तो कढईत ज्वारी टाकत होता आणि लाह्या तडतडत वर येत होत्या.

शेठ चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेले. परत आले ते उपरण्याच्या ओच्यात लाह्या घेऊन. एक डबा काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि तराजूवर ठेवला. रिकाम्या डब्यापेक्षा काटा जेमतेम पुढे सरकला.

"धान्यच आहे!" ते नाचायचेच बाकी होते. "देवाला चालतं, लेकीला चालेल! आणि डबा पूर्ण भरलेला! मूठभर कुठं, काठोकाठ!" मग त्यांनी तो डबा सरळ हातातून खाली सोडला. आम्ही सगळे दचकलो. उचलून बघितला, तर पोचा नाही. आतून लाह्यांनी गादी धरली होती.

"आता पोस्टानं छतावरून फेकू दे," शेठ म्हणाले.

राहिल्या त्या गोडाऊनमधल्या सौभाग्यवती. पुन्हा पोस्टानं पाठवून आखाजीपर्यंत पोचतील याचा भरवसा नव्हता. बहुतेक दोंडाईच्याकडच्याच होत्या. शेठनी टेम्पो केला. लाह्यांची पोती, भांडी, मी, आणि ड्रायव्हरशेजारी शेठ स्वतः, डोक्याला नवी टोपी घालून. अक्कांना आधीच निरोप गेला होता. गावात पोचलो, तेव्हा चिंचेच्या झाडाला झोके बांधलेले आणि सगळा गाव जमलेला.

मी टेम्पोत उभी राहिले आणि हजेरी घेतली. आयुष्यात मी रंगमंचावर कधी गेले नाही, पण त्या दिवशी टेम्पोचा फाळका खाली पडला आणि पडदा उघडल्यासारखं वाटलं. "सौ. शकुंतला!" की गर्दीतून शकुंतलेची आई पुढे यायची, मागे शकुंतला लाजत. शेठ पोत्यातून लाह्या भरायचे, झाकण लावायचे, आणि दोन्ही हातांनी डबा द्यायचे. आई तो कानाशी नेऊन हलवायची. खसखस वाजलं की मान डोलवायची. इंदू झाली. सरला झाली. एक लेक झोका सोडून धावत आली, ती डबा घेऊनच परत झोक्यावर चढली.

शेवटी वत्सलाक्का पुढे आल्या. शेठसमोर उभ्या राहिल्या. डबा हलवला. समाधान झालं. पैसे मोजायला पदराची गाठ सोडली आणि थांबल्या.

"शेठ, हाई भांडं पोस्टमा उनं का?"

"नाही अक्का. मी स्वतः आणलं, बघा ना."

"मंग पोस्टना खर्चा कसाले लेस? तो कमी कर."

कॅटलॉगमधल्या भावात पाठवणावळ धरलेली होती, हे त्या बाईनं जळगावच्या घाऊक व्यापाऱ्याला भर चौकात सांगितलं. "बठ्ठासना कमी कर," म्हणजे सगळ्यांचाच कमी कर, असं त्यांनी पुढे जोडलं, आणि सगळ्या आया, ज्यांनी आधीच पैसे दिले होते त्याही, टेम्पोभोवती परत गोळा झाल्या.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी झोक्याकडे बघितलं.

त्यांनी कमी केले. परतीच्या वाटेला लागलो. शिंदखेड्याच्या पुढे आल्यावर एकदम हसायला लागले. "कुसुमताई, ही बाई आपल्या दुकानात असती, तर मी आज दिल्लीला असतो."

सेक्शन बंद झाला नाही. पुढे अनेक वर्षं चालला, आणि मी अखेरपर्यंत तिथली इन्चार्ज राहिले. दुसऱ्या कॅटलॉगवर 'नाव मोफत'च्या खाली 'लाह्यांसहित' असं छापलं. पोस्टकार्डं येत राहिली. 'डबा पोचला. लाह्यांचा चिवडा केला, मुलांना आवडला.' एकीनं तक्रार केली, 'मागच्या खेपेस लाह्या मऊ होत्या. भांड्याबद्दल काही म्हणणे नाही.'

सौ. कलावती मात्र माझ्याकडे राहिल्या. खऱ्या कलावतीच्या आईनं धीर न धरता दोंडाईच्यातून डबा घेऊन टाकला होता, आणि तोही आमच्यापेक्षा महाग. आमच्याकडे उरलेला तिच्या नावाचा डबा शेठनी मला दिला. रिकामा नाही. गेली कित्येक वर्षं तो माझ्या ओट्यावर आहे आणि नवीन पाहुणी आली की विचारते, "या कलावती कोण?" मी सांगते, माझ्या जुन्या ऑफिसातल्या आहेत.

आता सगळं मोबाइलवर मिळतं. मीही मागवते, भाव बघून, दहा ठिकाणी ताडून, अक्कांच्या थाटात. परवा एक डबा आला. केवढं मोठं खोकं, आणि डब्यात ठासून भरलेल्या प्लास्टिकच्या हवेच्या पिशव्या. पोचा एक नाही. पॅकिंग उत्तम.

पण त्या पिशव्यांचा चिवडा होत नाही.